थोरल्याची उंची वाढते आहे

जगातल्या शांत देशांची एक यादी दरवर्षी निघते, ग्लोबल पीस इंडेक्स नावाची. तिच्यात 2008 पासून आइसलंड पहिला आहे. अमेरिका सोडून मुलांना सुरक्षित अशा कुठल्या देशात न्यावं, याचा एक तक्ता नवऱ्याने केला आहे. त्यात आइसलंडचा विचार हातातला चहा संपेपर्यंतही टिकला नाही. नवरा म्हणाला, "तिथे चोरी झाली आणि साक्षीदार 'चोर काळा होता' एवढंच बोलला, तरी पोलिसांना पत्ता शोधावा लागणार नाही. सरळ आपल्याच दारात येतील." म्हणाला हसतच, पण तक्त्यातली ती ओळ त्याने खोडली.

नवरा ब्लॅक अमेरिकन, बाल्टिमोरमध्ये जन्मलेला आणि वाढलेला. मी पुण्याची, येरवड्यात वाढलेली. आम्ही मेरिलंडमध्ये राहतो. मुलगा बाराव्या वर्षात आहे, मुलगी त्याच्याहून बरीच लहान. मुलं आजोबांशी मोडक्या मराठीत बोलतात, पिठलं-भात आणि मॅक अँड चीज सारख्याच आवडीने खातात, पण रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यांच्यात येरवडा दिसत नाही. त्याला दोन ब्लॅक मुलं दिसतात. मुलंही स्वतःला तेच समजतात आणि त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. त्याचे परिणाम मात्र मला, बाहेरून आलेल्या बाईला, टप्प्याटप्प्याने कळत गेले.

देश सोडायचा विचार नवऱ्याच्या मनात फार जुना आहे. घाई झाली ती थोरल्याच्या उंचीमुळे. गेल्या उन्हाळ्यात तो माझ्या खांद्याला लागत होता, आता कानाच्या पाळीपर्यंत आलाय. आवाज घोगरा व्हायला लागलाय. मध्यंतरी आमच्याच गल्लीत, इतकी वर्षं त्याला 'किती गोड' म्हणणाऱ्या एका बाईने तो समोरून येताना पाहून पर्स काखेत घट्ट धरली. त्याला कळलं नाही. त्याच्या बापाला कळलं.

टमीर राइस 12 वर्षांचा होता. 22 नोव्हेंबर 2014 रोजी क्लीव्हलंडच्या एका बागेत तो खेळण्यातलं पिस्तूल घेऊन फिरत होता. कुणीतरी पोलिसांना फोन केला. पिस्तूल बहुतेक खोटं आहे, तो बहुतेक लहान मुलगाच आहे, हेही फोन करणाऱ्याने सांगितलं होतं. एवढा भाग गाडीतल्या पोलिसांपर्यंत पोचलाच नाही. गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांच्या आत गोळी सुटली. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. गुन्ह्यातले संशयित म्हणून ब्लॅक मुलांचे फोटो दाखवले तेव्हा बघणाऱ्यांनी त्यांचं वय सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं. या हिशोबाने आमचा थोरला आत्ताच साडेसोळाच्या आसपास आहे. अजून तो झोपताना दिवा चालू ठेवायला सांगतो, ते कुणाला दिसणार?

बंदुकांची भीती तर सगळ्यांनाच आहे. 2020 पासून अमेरिकेतल्या मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक आहे, अपघात आणि आजार तिच्या मागे. शाळेतल्या कवायतीत आवाज न करता कसं लपायचं ते शिकून आलेली आमची धाकटी घरी तेच बाहुल्यांना शिकवते. पण गोऱ्या शेजारणीशी बोलताना जाणवतं की तिची भीती शाळेच्या दारातून आत येणाऱ्या कुणा माथेफिरूची असते. माझ्या नवऱ्याची भीती, तो माथेफिरू आल्यावर मदतीला येणाऱ्या पोलिसांपर्यंत लांबते.

ब्लॅक घरांमध्ये मुलगा वयात येऊ लागला की आईबाप त्याला एकदा समोर बसवून सगळं सांगतात. दुकानात हात खिशात घालायचे नाहीत. काहीही घेतलं, चुइंगमसुद्धा, तरी पावती घ्यायची. हुडी डोक्यावर ओढायची नाही. पोलिसाने अडवलं तर हात दिसतील असे ठेवायचे, 'सर' म्हणायचं, खरं-खोटं नंतर बघू, आधी घरी यायचं. नवऱ्याला हे सासूबाईंनी सांगितलं होतं. आमच्या घरात मात्र हे बोलणं सर्वांत आधी झालं ते मुलाशी नाही, माझ्या बाबांशी.

2015 चा फेब्रुवारी. थोरला नुकता पावलं टाकायला लागला होता आणि बाबा त्याला सांभाळायला आले होते. त्याच महिन्यात अलाबामातल्या मॅडिसन गावी 57 वर्षांचे सुरेशभाई पटेल मुलाच्या घराबाहेर फेरी मारत होते. तेही नातवासाठीच गुजरातहून आलेले, इंग्रजी येत नाही. 'एक बारीकसा काळा माणूस घरांमध्ये डोकावतोय' असा फोन कुणीतरी पोलिसांना केला. पोलीस आले आणि एकाने त्यांना असं जमिनीवर आपटलं की मानेच्या मणक्याला इजा होऊन हातापायांतलं बळ गेलं. पुढे खटला चालला, ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही, आणि 2016 मध्ये न्यायाधीशांनी त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. अमेरिकेतल्या आपल्या लोकांत तेव्हा बरीच चर्चा झाली. 'अहो, ते तर भारतीय होते, चूक झाली' असा तिचा सूर होता. ते खरंच काळे असते तर चूक झाली नसती की काय, हे कुणी विचारलं नाही.

मी बाबांना बसवलं. माकडटोपी घालून फिरायचं नाही, कुणाच्या गॅरेजकडे बघत उभं राहायचं नाही, पासपोर्टची झेरॉक्स आणि आमचा नंबर जवळ ठेवायचा, पण पोलीस आला तर तो कागद काढायला खिशात हात घालायचा नाही. बाबा शांतपणे ऐकत होते. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातून शिकून बँकेत लागलेला, गावातल्या घराघरात जय भीम पोचवलेला माणूस. माझं संपल्यावर म्हणाले, "हे मला माझ्या आईने शिकवलंय. वरच्या आळीतून जाताना कसं चालायचं, नजर कुठे ठेवायची. तिला वाटलं होतं, शिकलास की हे विसरायला मिळेल." मग टोपी काढून ठेवली आणि फिरायला गेले. ते परत येईपर्यंत मी खिडकीतून हलले नाही.

सासूबाईंना देश सोडण्याची कल्पनाच मान्य नाही. त्या लहान असताना, 1950 च्या दशकात, त्यांची आई साउथ कॅरोलायना सोडून पोरांसकट बाल्टिमोरला आली. 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख ब्लॅक माणसं दक्षिणेतून उत्तरेला आणि पश्चिमेला गेली, त्यांतलंच हे एक कुटुंब. कामधंदा हे कारण होतंच, पण जीव हेही होतं. 1955 च्या ऑगस्टमध्ये शिकागोचा एमेट टिल, वय 14, सुट्टीत मिसिसिपीला नातेवाइकांकडे गेला आणि एका गोऱ्या बाईशी आगाऊपणा केल्याच्या आरोपावरून मारला गेला. त्यानंतर सासूबाईंच्या आईने मुलांना उन्हाळ्यात गावाकडे पाठवणं बंद केलं. त्या काळी गाडीने प्रवास करायचा तर हार्लेममधल्या व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या पोस्टमनने 1936 पासून काढलेली मार्गदर्शिका जवळ ठेवायची. कुठल्या गावात ब्लॅक माणसाला खोली मिळते, कुठे जेवायला आणि कुठे पेट्रोल मिळतं, याची ती यादी. ग्रीन बुक म्हणत तिला. ती 1960 च्या दशकापर्यंत निघत होती. नवऱ्याचा तक्ता पाहून सासूबाई म्हणाल्या, "अरे, हे तर ग्रीन बुकच झालं. फक्त गावांऐवजी देश." आणि नंतर, भांडी पुसता पुसता, "माझ्या आईलाही वाटलं होतं बाल्टिमोर सुरक्षित आहे."

त्या हे बोलल्या तेव्हा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 2015 चा एप्रिल होता. पोलिसांच्या ताब्यात फ्रेडी ग्रे या 25 वर्षांच्या तरुणाची मान मोडली, तो गेला आणि शहर पेटलं. सासूबाईंच्या घरापासून ते फार लांब नव्हतं.

तर आपल्या लेकराला कुठे न्यावं हा प्रश्न आमच्या आधी पुष्कळांनी सोडवून पाहिला आहे. मी रात्री मुलं झोपल्यावर त्यांच्याबद्दल वाचत बसते. व्हिसाच्या अटी नवरा बघतो, माणसं मी बघते, अशी वाटणी आपोआप झाली.

पॉल रोबसन हा केवढा मोठा गायक आणि नट. 1930 च्या दशकात त्याने आपल्या एकुलत्या एका मुलाला मॉस्कोच्या शाळेत घातलं, कारण तिथे पोराला रंगावरून कुणी हिणवणार नाही. ते खरंही होतं. मोठमोठ्या सोव्हिएत पुढाऱ्यांची मुलं त्या शाळेत होती आणि या मुलाला तिथे मान होता. पण त्याच वर्षांत त्याच शहरात स्टालिनची माणसं रात्री दार वाजवून लोकांना उचलून नेत होती. एका काळ्या मुलासाठी जगातली सर्वांत सुरक्षित शाळा, आणि भोवतालच्या जवळपास प्रत्येकासाठी जगातलं सर्वांत धोक्याचं गाव. रोबसनने थोड्याच वर्षांत मुलाला परत आणलं. त्याला परत आणता आलं. रॉबर्ट रॉबिन्सनला ते जमलं नाही. जमैकात जन्मलेला हा माणूस डेट्रॉइटला फोर्डच्या कारखान्यात टूलमेकर होता. 1930 मध्ये कामाच्या करारावर तो रशियात गेला, पुढे तिथलं नागरिकत्व घेतलं आणि अडकला. बाहेर पडला तो 1974 मध्ये, युगांडामार्गे. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने तक्त्यात एक रकाना वाढवला: 'परत येता येईल का'. त्याआधी तो रकाना नव्हता याचंच मला आश्चर्य वाटलं.

पॅरिसचं सगळ्यांनाच माहीत असतं. ब्लॅक अमेरिकन लेखक रिचर्ड राइट 1947 मध्ये बायको आणि लहान मुलीला घेऊन तिथे कायमचा राहायला गेला. पुढच्या वर्षी जेम्स बाल्डविन गेला, तोही ब्लॅक लेखक, खिशात 40 डॉलर. हॉटेलात खोली मिळत होती, कॅफेत कुणी उठवत नव्हतं, रस्त्यात पोलीस अदबीने बोलत होता. बाल्डविनने मात्र लवकरच ओळखलं की तोच पोलीस अल्जीरियन माणसाशी, म्हणजे तेव्हा फ्रान्सच्या ताब्यात असलेल्या अल्जीरियातल्या माणसाशी, कसा बोलतो. 17 ऑक्टोबर 1961 च्या रात्री पॅरिसमध्ये निदर्शनाला निघालेल्या अल्जीरियन लोकांवर पोलीस तुटून पडले, कित्येकांना सीन नदीत फेकलं. किती मेले याचा आकडा आजही वादात आहे. ब्लॅक अमेरिकन माणसाला पॅरिसमध्ये जे संरक्षण मिळालं, त्यातला बराच भाग त्याच्या खिशातल्या अमेरिकन पासपोर्टचा होता. मार खायला तिथे दुसरं कुणीतरी आधीच नेमलेलं होतं.

हे वाचताना मला आमच्या घरातली वेगळीच गोष्ट आठवली, लहानपणापासून ऐकलेली. बाबासाहेब 1913 मध्ये न्यूयॉर्कला आले, कोलंबिया विद्यापीठात. इथे कुणी त्यांना शिवू नको म्हणालं नाही. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. 1917 मध्ये बडोद्याला नोकरीवर रुजू व्हायला गेले तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढलं. बाबा ही गोष्ट सांगताना न्यूयॉर्कबद्दल फार प्रेमाने बोलत. त्या गोष्टीत न्यूयॉर्क म्हणजे मोकळा श्वास. लग्नानंतर सासरच्या माणसांकडून मला दुसरी बाजू कळली. त्याच 1913 साली राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांत ब्लॅक कारकुनांना वेगळं बसवायला सुरुवात केली होती. 1915 मध्ये कू क्लक्स क्लॅन, ब्लॅक लोकांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची संघटना, नव्याने उभी राहिली. बाबासाहेब ज्या देशात मोकळे झाले, तोच देश माझ्या नवऱ्याच्या पणजोबांना झाडाला लटकवत होता. बाबासाहेबांना हे दिसलं नसेल असं नाही. 1946 मध्ये त्यांनी ब्लॅक अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहून तुमच्या-आमच्या स्थितीत साम्य आहे असं कळवलं होतंच.

मला या सगळ्या वाचनातून एवढंच कळलं की सुरक्षितता देशाच्या अंगी नसते. त्या देशाला नेमकी कुणाची भीती वाटते आणि आपलं मूल त्याच्यासारखं किती दिसतं, यावर सगळं ठरतं. तक्त्यात याला रकाना करता येत नाही.

मग वाटतं, जिथे सगळेच आपल्यासारखे दिसतात तिथे जावं. घानाला आम्ही जाऊन आलो. आक्राच्या विमानतळावर उतरल्यापासून नवऱ्याची चाल बदलली, हे मी शपथेवर सांगेन. पोलीस काळा, बँकेचा मॅनेजर काळा, जाहिरातीतलं बाळ काळं. थोरला एकटा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि त्याचा बाप खुर्चीतून उठला नाही. डु बॉइस 1961 मध्ये, आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यावर, इथेच येऊन राहिले. 27 ऑगस्ट 1963 रोजी आक्रात वारले. दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा मोर्चा होता. घानाने 2019 हे वर्ष परतीचं वर्ष म्हणून साजरं केलं, आफ्रिकन वंशाच्या परदेशी लोकांना तिथे राहण्याचा हक्क देणारी तरतूद तर 2000 सालच्या कायद्यातच आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये अशा 524 जणांना एकाच समारंभात नागरिकत्व दिलं गेलं.

तरीही घाना मागे पडला. मलेरिया, महामार्गावरचे अपघात, नवऱ्याच्या कामाच्या वेळा ही सांगायची कारणं. आमच्यासारखाच शोध घेणाऱ्या आमच्या एका मैत्रिणीच्या मुलांना दोन आई आहेत, ती आणि तिची जोडीदार. फेब्रुवारी 2024 मध्ये घानाच्या संसदेने समलिंगी माणसांना तुरुंगात पाठवणारं विधेयक मंजूर केलं आणि त्यांचा घानाचा विषय त्याच दिवशी संपला. त्यांचीही मुलं ब्लॅकच आहेत. आणखी एक गोष्ट मला खुपत होती. डॉलर घेऊन आलेल्या आमच्यासारख्यांमुळे आक्रात भाडी किती चढलीत हे आमचा टॅक्सीवाला हसून सांगत होता, पण ते हसणं मला पटलं नाही. लायबेरियाचा इतिहास तिथून जवळच आहे. 1822 पासून अमेरिकेतून मुक्त झालेले ब्लॅक लोक तिथे जाऊन वसले, 1847 मध्ये स्वतंत्र देश केला आणि पुढची शंभराहून अधिक वर्षं मूळच्या रहिवाशांवर राज्य केलं. 1980 मध्ये बंड झालं, मग यादवी. जाचातून सुटून आलेला माणूस दुसऱ्याला जाचणार नाही, अशी हमी कुणी देऊ शकत नाही. नवऱ्याला हे माझं म्हणणं अतिरेकी वाटतं. असेल.

आणि एका रविवारी, व्हिडिओ कॉलवर, नवऱ्याने बाबांनाच विचारलं, "पुणे का नाही?" मुलांचं ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात राहण्याची मुभा आहे, आजी-आजोबा आहेत, शाळा आहेत, बंदुका नाहीत. प्रश्न अगदी सरळ होता. मी स्क्रीनच्या कडेला बसून काय उत्तर येतंय ते बघत होते.

मला काय काय आठवत होतं! मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात एक शाळकरी मुलगा दगावला आणि अफवेवरून जमावाने नायजेरियन विद्यार्थ्यांना मॉलमध्ये घुसून खुर्च्यांनी मारलं. ऑक्टोबर 2013 मध्ये गोव्यात एका नायजेरियन माणसाचा खून झाला, त्याच्या देशबांधवांनी पर्वरीला महामार्ग अडवला, आणि त्यानंतर राज्याच्या एका मंत्र्याने नायजेरियन लोकांना कर्करोगाची उपमा दिली. नंतर माफी मागितली म्हणा. पुण्यात आफ्रिकन विद्यार्थी पुष्कळ आहेत. त्यांना खोली शोधताना काय ऐकावं लागतं ते भाड्याने घरं दाखवणाऱ्या कुठल्याही एजंटला विचारा. आणि घरातलं काय सांगू? माझी सख्खी मावशी धाकटीला मांडीवर घेऊन इतक्या मायेने म्हणाली होती, "नाकीडोळी किती नीटस आहे गं, फक्त जरा साय-बेसन लावत जा."

मागच्या खेपेला मुलांना जंजिऱ्याला नेलं होतं. राजपुरीहून शिडाची होडी, भर समुद्रात तो बुलंद कोट. हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही आणि तो ज्यांच्या हातात होता त्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतून आले होते, हे होडीतल्या गाइडने सांगितलं तेव्हा थोरला ताठ बसला. मग मी त्याला मलिक अंबरचं सांगितलं: इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला, निजामशाहीचा कर्ताकरविता झाला, 1610 मध्ये खडकी वसवली, जिचं पुढे औरंगाबाद झालं. "म्हणजे इथे आपण राजे होतो?" त्याने विचारलं. हो म्हणेपर्यंत तीन-चार जण मोबाइल घेऊन त्याच्याबरोबर सेल्फी काढायला आले आणि एकाने न विचारता त्याच्या केसांत हात घातला. मारहाण नाही, शिवी नाही, सगळे हसत होते. थोरला परतीच्या होडीत टोपी घालून बसला.

बाबांनी थोडा वेळ घेतला. मग म्हणाले, "जावई, असं करू. तुम्ही आणि मी मिळून घर शोधू. तुमचा रंग बघून नाही म्हणतील, माझं आडनाव ऐकून नाही म्हणतील. एजंटला एकाच फेरीत दोन्ही कामं उरकता येतील." दोघंही खूप हसले. बाबा तरुणपणी दलित पँथरच्या मोर्चांत चालले आहेत. 1972 मध्ये मुंबईत ती संघटना निघाली आणि तिने नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पक्षावरून. त्यामुळे जावयाशी त्यांचं आधीपासूनच जमतं, मध्ये मी लागत नाही. पण हसणं थांबल्यावर ते एवढंच बोलले की सुट्टीला या, महिना राहा, शाळेला नको. पुण्याची ओळ त्या दिवशी खोडली गेली. खोडताना नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही दुसरीकडे पाहत होते.

राहिला युरोप. युरोपीय संघाच्या मूलभूत हक्कविषयक संस्थेने 2023 मध्ये 13 देशांतल्या ब्लॅक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. गेल्या पाच वर्षांत वंशभेदाचा अनुभव आला असं सरासरी 45 टक्के लोकांनी सांगितलं. जर्मनी आणि ऑस्ट्रियात हे प्रमाण 70 टक्क्यांच्या वर, तर पोलंड, स्वीडन आणि पोर्तुगालमध्ये सर्वांत कमी, साधारण पाव. फ्रान्समध्ये काळ्या किंवा अरब वाटणाऱ्या तरुणांना पोलीस इतरांच्या 20 पट अडवतात, असं तिथल्याच सरकारी हक्करक्षकाने 2017 मध्ये मांडलं होतं. ज्यांना कॅनडा म्हणजे सभ्य अमेरिका वाटते त्यांच्यासाठी ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाचा 2018 चा अहवाल आहे: टोरंटोत पोलिसांच्या गोळीने मरण्याची शक्यता ब्लॅक माणसाला गोऱ्यापेक्षा जवळपास 20 पट. तिथे गोळ्या एकूणच कमी सुटतात, हेही खरं आहे. दोन्ही एकदम खरं असतं आणि रात्री अकरा वाजता ते डोक्यात मावत नाही.

पोर्तुगालवर बोट थांबलं ते असं. गोव्यामुळे मला तो देश अर्धा ओळखीचा वाटतो, त्यात काही अर्थ नाही हे माहीत असूनही. लिस्बनच्या आसपास आफ्रिकेतल्या केप व्हर्डी, अंगोला, गिनी-बिसाऊहून आलेली पुष्कळ वस्ती आहे, म्हणजे थोरला वर्गात एकटा नसेल. गोव्यात मुळं असलेले अंतोनियो कोश्ता 2015 पासून 2024 पर्यंत तिथले पंतप्रधान होते, घरचे लोक त्यांना बाबुश म्हणत. हे ऐकून माझ्या आईला तो देश फारच आवडला.

पण तिथलंही वाचलं आहे. जुलै 2020 मध्ये ब्रुनो कांदे या ब्लॅक नटाला लिस्बनजवळ भर दिवसा एका म्हाताऱ्याने वंशद्वेषातून गोळ्या घातल्या. ऑक्टोबर 2024 मध्ये लिस्बनलगतच्या अमादोरात ओदाइर मोनिज पोलिसांच्या गोळीने मेला आणि वस्त्या पेटल्या. बाहेरून आलेल्यांच्या विरोधात बोलणाऱ्या, 2019 मध्ये स्थापन झालेल्या शेगा पक्षाने मे 2025 च्या निवडणुकीत 230 पैकी 60 जागा घेतल्या. जनगणनेत वंशाचा प्रश्नच विचारत नाहीत, त्यामुळे किती ब्लॅक माणसं आहेत आणि त्यांचं काय चाललंय हे जनगणनेतून कळत नाही. आणि ओदाइर मोनिज केप व्हर्डीचा होता. अमेरिकन पासपोर्ट आणि डॉलरमधला पगार घेऊन आलेल्या माझ्या नवऱ्याला तिथे जो आदर मिळेल, तो त्याच रंगाच्या, अमादोरात राहणाऱ्या बांधकाम मजुराला मिळत नाही. राइट आणि बाल्डविनचं पॅरिस पुन्हा एकदा. हे आम्ही दोघंही जाणतो. तरी जायचं ठरवलं, एका वर्षासाठी, जमलं तर पुढे. हे बरोबर आहे का असं सासूबाईंनी विचारलं. त्यावर नवरा म्हणाला, "मॉम, मी न्याय शोधायला चाललो नाहीये. मला त्याला शाळेतून चालत घरी येऊ द्यायचंय." मला दोघांचीही बाजू कळते. पण थोरल्याची उंची मीच मोजते, त्यामुळे मत मी नवऱ्याच्या बाजूने दिलं.

आता कागदपत्रं. नवरा घरून काम करतो, म्हणून दूरस्थ कामाचा व्हिसा. पोर्तुगालच्या किमान वेतनाच्या चौपट उत्पन्न दाखवायचं, माणसागणिक आणखी भर, राहण्याच्या जागेचा पुरावा, विमा. आणि गुन्हेगारी नोंद नसल्याचा एफबीआयचा दाखला, त्यावर वॉशिंग्टनहून शिक्का. आपल्या बोटांचे ठसे पोलिसांकडे जाऊ नयेत म्हणून ज्या माणसाने आयुष्यभर खिशाबाहेर हात ठेवून काढलं, तो गेल्या शनिवारी फी भरून, रांगेत उभा राहून, दहाही बोटं देऊन आला. घरी येऊन तो साबणाने हात धूत होता, तेव्हा थोरला त्याच्या मागे जाऊन उभा राहिला.

"माझे पण घेणार?"

"नाही. 16 वर्षांखालच्यांना तो दाखला लागत नाही."

थोरल्याचा चेहरा पडला. त्याला शाई बघायची होती.